साफीची गाभोळी

आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे आइस्क्रीमचा एक रिकामा डबा असायचा. रिकामा म्हणजे आइस्क्रीम संपलेला. आत माझी गाभोळी. एकदा नातीने मोठ्या आशेने तो उघडला आणि किंचाळलीच.

"आजी, व्हॉट इज धिस?"

"माशाची अंडी. तुझ्या आईला विचार, लहानपणी ताटातली कोणाला हात लावू देत नसे."

नात नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. डब्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बट पपा पुट्स देम बॅक."

पपा म्हणजे तिचे आजोबा, आमचे हे. आजोबा अंडीवाली मासळी पाण्यात परत सोडतात आणि आजी तिचीच अंडी डब्यात भरून ठेवते, एवढंच पोरीला दिसलं. मी डबा तिच्या हातून काढून घेतला. म्हटलं, "ही ती नव्हे गं. ही बाजारातली."

हे वाक्य मी पुढे स्वतःलाही पुष्कळदा ऐकवलं.

आम्ही मूळचे वसईचे. हे जहाजदुरुस्तीच्या कामावर आले, मागून मी आले, हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागले, आणि बघता बघता बहरीनमध्ये उभा जन्म गेला. आता दोघं रिटायर. जुफैरला लेकीकडे राहतो, तिच्याच व्हिसावर. कामावरून सुटल्यावर ह्यांना दोनच छंद उरले, क्रिकेटच्या बातम्या आणि गळ. मी सकाळी चपात्यांची कणीक मळली की एक गोळा ह्यांचा. साफी ही शेवाळ खाणारी मासळी, कोळंबीच्या आमिषाला सहसा भुलत नाही. पण कणकेत पाव आणि जरासं चीज कुस्करून मळलं की येते. म्हणजे ह्यांच्या गळाला जी काही मासळी आजवर लागली, ती माझ्या परातीतून लागली असं मी म्हणायची. हे म्हणायचे, "हो गं बाई, गळसुद्धा तूच धरतेस."

गळ टाकायला हे एका खाडीवर जायचे. दोन्ही अंगाला तिवरं, मध्ये उथळ पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला रडूच आलं, इतकी आपल्याकडच्यासारखी. तिथे ह्यांना ते म्हातारे बहरीनी गृहस्थ भेटले. तरुणपणी मोठ्या होडीचे कप्तान होते, म्हणून सगळे त्यांना नोखदा म्हणतात. ते त्या खाडीवर बापाचं बोट धरून गळ टाकायला शिकलेले.

त्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता ह्यांच्या गळाला एक साफी लागली. पोट टरटरून फुगलेलं. हे खूश, बायकोला गाभोळी नेऊ म्हणून. नोखदांनी येऊन त्या पोटावर नुसता तळवा ठेवला. साफीच्या काट्यांना विष असतं, टोचलं तर हात सुजतो, पण त्यांचा हात जुना. म्हणाले, "इसका अंदर पूरा बस्ती है. छोड़ दो." आणि ह्यांनी सोडली.

घरी येऊन हे मला ते इतक्या कौतुकाने सांगायला लागले की माझं डोकंच फिरलं.

"माझी गाभोळी पाण्यात टाकून आलात?"

"अगं, हजारो पिल्लं होतील त्या अंड्यांची."

"मग तीच वाढा आता ताटात."

तेव्हापासून आमच्या घरात गाभोळी यायची बंद झाली. हे नुसते गळवाले राहिले नाहीत, नोखदांच्या मंडळीतले झाले. बाराएक जण होते. चार-पाच बहरीनी, दोन फिलिपिनो, बाकी आपले. मंडळींचं एक लाकडी फळकूट असायचं, त्यावर रंगाने रेघ मारलेली. मासा रेघेपेक्षा आखूड भरला की परत पाण्यात. एका शनिवारी गळ, पुढच्या शनिवारी सफाई. तिवरांच्या मुळांत अडकलेल्या नायलॉनच्या दोऱ्या काढायच्या, कारण त्यांत बगळ्यांचे पाय गुंतून बगळे मरतात. रात्रीतून कोणी बांधकामाचा मलबा आणून ओतायचे, तर मंडळींनी फोटो काढून, अर्ज करून ते ट्रक बंद करवले. मी थट्टा करायची. म्हणायची, मासे मारणारेच माशांचे वकील झाले. हे म्हणायचे, "मग कोणी व्हायचं? जो कधी पाण्यात उतरला नाही त्याला काय माहीत काय कमी झालं ते."

बरोबरच होतं ते. पण माझी जीभ.

आता तुम्ही वसईचे नसाल तर तुम्हाला सांगायला हवं. ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा. त्यात मटण नाही, चिकन नाही. मासळी चालते. म्हणजे कसं, की ज्या दिवसांत सगळं सोडायचं त्याच दिवसांत समुद्रातली मासळी पोटुशी असते, आणि आमच्या घरी आईच्या वेळेपासून उपवासाच्या शुक्रवारी गाभोळी ठरलेली. हळदमीठ लावून वाफवायची, गार झाली की काप करायचे, बाटली मसाला आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर खरपूस. आणि हे खाऊन आम्ही वर तोंड करून म्हणायचो, आज उपवास आहे हो. साठ वर्षांत मला त्यात काही विनोद दिसला नाही. आता दिसतो, आणि हसू येत नाही.

मासळी बाजारात मासे साफ करून देणारा एक केरळचा माणूस माझ्या ओळखीचा. दोन मुलांचा बाप, मला अम्मा म्हणतो. एकदा बघते तर त्याच्या बालदीत आतडीबरोबर साफीची गाभोळी पडलेली.

"अरे, ये फेंकता है?"

"गिराक बोलता है फेंको, तो फेंकता है अम्मा."

माझा जीव कळवळला. मेलेल्या मासळीची अंडी, कचऱ्यात जाणारी. त्यात पाप कसलं? उलट वाया जाणारं अन्न मी वाचवतेय. त्याने माझ्यासाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. साफी हातभर थोडीच असते, तिची गाभोळी बोटाएवढी, दोन-दोनची जोडी. आठवड्याला मूठभर मिळायची. मी मटारमागे लपवायची आणि हे खाडीवर गेले की तळायची. खिडक्या उघड्या टाकून, एक्झॉस्ट लावून.

तेवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मला पोटात काही राहत नाही, खाल्लेलंही नाही आणि कळलेलंही नाही. चर्चमधून बाहेर पडल्यावर आम्ही वसईच्या बायका कारपार्किंगमध्ये उभ्या राहून बोलत असतो. एकदा मी बोलून गेले. सगळ्यांचे डोळे चमकले. "कुठे गं मिळते? आम्हाला नाही सांगितलंस ती?" मी त्या माणसाचा पत्ता दिला. दोन वर्षांत त्याच्याकडे रांग लागायला लागली, आणि रांगेतली पहिली म्हणून माझा मान मोठा. तरुण सुना मला फोन करून विचारायच्या, मावशी, वाफवू की नुसती तळू? मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग बालदी पुरेना. तो माणूस मला म्हणाला, "अम्मा, अभी मैं बोट वाला को बोल के रखता है. पेटवाला अलग से लाता है." मी म्हटलं, शाबास. सरकारची साफीवरची बंदी पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी लागते, आणि हे तर त्याच्या आधीचे दिवस, म्हणजे कायद्यानेही काही वावगं नव्हतं. पण त्या दिवशी त्याने फळीवर टाकलेली साफी माझ्यासमोर चिरली, आणि तिच्या कल्ल्यात मला एक पान अडकलेलं दिसलं. जाड, हिरवं, तिवराचं.

मी खाडीकाठची. भर समुद्रातल्या मासळीच्या कल्ल्यात तिवराचं पान सापडत नाही हे मला कोणी शिकवायला नको. मी त्या पानाकडे बघितलं. दोन बोटांनी ते ओढून काढलं आणि बालदीत टाकलं. आणि म्हटलं, "यल्ला, जल्दी कर, मेरा बस जाएगा." बसबिस काही नव्हती. जावई गाडी घेऊन बाहेर उभा होता.

त्याच सुमारास आमच्या हॉलमध्ये मंडळी जमायला लागली. खाडीच्या तोंडावर पहाटे कोणीतरी आडवं जाळं लावतं असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. भरतीला साफी अंडी घालायला आत येते, ओहोटीला परतताना सगळी जाळ्यात. नोखदांनी ठरवलं, आता मोठा अर्ज करायचा. साफीच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे सरकारी बंदीच्याही आधीपासून, ही खाडी पूर्ण बंद करा. जाळं नको आणि गळही नको. आमचेही नकोत.

कोणीतरी विचारलं, "नोखदा, आपल्या गळाने काय होतंय? चार मासे."

ते म्हणाले, "मेरा हाथ बंद होगा, तभी मैं दूसरे का हाथ पकड़ेगा."

मी चहा ओतत होते. ऐकत होते. कप भरून वाहिला, बशीत आला.

सरकारी मासेमारी खात्याच्या ऑफिसातून खाडी बघायला एक बाई यायच्या ठरल्या, शनिवारी सकाळी. आमचा उपवासकाळ लागून दोन आठवडे झाले होते, त्यांचा रमजान लागायला अजून दिवस होते. मंडळींनी ठरवलं की काठावरच सतरंजी टाकून नाश्ता करायचा. प्रत्येकाच्या घरून काहीतरी. हे मला म्हणाले, "तू कटलेट कर, भाज्यांची."

मी कटलेट केली. पण आमच्याकडे मोठ्या पाहुण्याला कटलेट देऊन भागत नाही. घरी जावई पहिल्यांदा आला, फादर जेवायला आले, की माशातली गाभोळी त्यांच्या ताटात, घरच्या बाईने स्वतःच्या हाताने वाढायची. त्यापेक्षा मोठा मान आम्हाला माहीत नाही. आणि ह्या बाईंच्या सहीवर एवढं सगळं अवलंबून. शुक्रवारी मी डबा फ्रीजरमधून बाहेर काढला. तुम्ही म्हणाल, डोकं कुठे होतं? मलाही रोज तेच वाटतं. पण तेव्हा डोक्यात एवढंच होतं की ही बाजारातली, ह्यांच्या गळाची नव्हे, आणि सगळे बोटं चाटतील आणि म्हणतील, वा.

बाई आल्या. काळा अबाया, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, हातात वही. तरुण होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. चिखलात उतरल्या, मुळांमधली पिल्लं बघितली, नोखदांना शंभर प्रश्न विचारले. नोखदांच्या तोंडावर मी इतकी आशा कधी बघितली नव्हती. मग सगळे सतरंजीवर बसले. मी ताट घेऊन उठले, बाईंच्या पुढे गुडघे टेकून बसले आणि माझ्या हाताने चार काप वाढले.

बाईंनी हसून इंग्रजीत विचारलं, हे काय? ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. "मॅडम, ये मच्छी का अंडा. हमारा सबसे अच्छा चीज. गेस्ट को देता है."

त्यांना हिंदी येत होतं. "कौन सा मच्छी?"

"साफी."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. फिलिपिनो होता त्याचीही, ज्याला हिंदी कळत नाही. बाईंनी एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा ताटाकडे. मग त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, गंमत वाटल्यासारख्या. म्हणाल्या, "आप बोलते हो खाडी बंद करो, साफी को अंडा देने दो. और वो अंडा मेरी प्लेट में है." आणि वही मिटली.

ह्यांचा चेहरा मी बघितला नाही. बघवला नाही. मान खाली घातली तर माझ्या हातातल्या ताटात ते सोनेरी काप, तीसएक तरी असतील.

तेवढ्यात नोखदांचा हात पुढे आला. त्यांनी माझ्या ताटातला एक काप उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला. "अच्छा है, बहन," म्हणाले. सगळ्यांच्या देखत. मग तितक्याच शांतपणे विचारलं, "बाज़ार में ये कौन लेता है?"

मी म्हटलं, "मालूम नहीं."

एवढंच. दोन शब्द. ज्या रांगेत मी पहिली उभी होते, जी रांग मी लावली, तिच्याबद्दल मी त्या माणसाच्या तोंडावर म्हटलं की मला माहीत नाही.

बाई उठताना म्हणाल्या, अर्ज द्या, मी पुढे पाठवते. पण वरचे विचारतील की ही मासळी कोण धरतं, कोण विकतं, कोण खातं. ते आधी तुमचं तुम्ही शोधा. त्या वर्षी अर्ज तिथेच राहिला. जाळं लागतच राहिलं.

घरी आल्यावर हे सरळ सिंकपाशी गेले. ताट स्वतः घासलं. एरवी हे ताट घासत नाहीत. हात पुसून एवढंच म्हणाले, "तुला खायची होती तर मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आणली असतीत?"

जरा विचार केला. "नाही."

"मग?"

"मग काय. सांगायचंस तरी."

पुढच्या शुक्रवारी मी पापनिवेदनाला गेले. फादर गोव्याचे, जरा घाईतले. मी गाभोळीचं सांगितलं तर आतून हसल्याचा आवाज आला. म्हणाले, बाई, मासे खाणं हे पाप नव्हे. मी म्हटलं, फादर, मी खोटं बोलले. कोणाशी? म्हटलं, एका म्हाताऱ्या माणसाशी, ज्याने माझी लाज राखली. मग ते हसले नाहीत. म्हणाले, मग माझ्याकडे काय आलात, त्यांच्याकडे जा.

मी आधी बाजारात गेले. म्हटलं, त्यांच्याकडे जायच्या आधी हे थांबवून तरी जावं. तो फळी धूत होता. त्याला म्हटलं, आता बंद कर, मला नको, कोणालाच देऊ नकोस. तो म्हणाला, "अम्मा, तुम छोड़ो. तुम्हारा पीछे इतना औरत लोग है. मैं ना बोलेगा तो बाजूवाला देगा." मग पाणी मारता मारता म्हणाला, त्यात राग नव्हता, "पहले तो मैं फेंकता था, अम्मा."

हे त्याचं वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

नोखदांकडे मी एकटी गेले. म्हणजे ह्यांनी गाडीने सोडलं आणि हे लांब गाडीपाशीच थांबले. नोखदा तिवराच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बालदी, कारपार्किंग, रांग. पानाचंही सांगितलं. ते तर मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. हिंदी माझं तोडकं, मध्येच मराठी येत होतं, पण ते ऐकत राहिले.

मग म्हणाले, "मालूम था."

"कब से?"

"उसी दिन. इतना अंडा एक बाल्टी से नहीं निकलता, बहन. इतना के लिए जाल चाहिए."

म्हणजे तो काप तोंडात घालताना त्यांना सगळं कळलेलं होतं. तरी खाल्ला. तरी म्हणाले, अच्छा है. मला वाटलं, त्यापेक्षा चार लोकांत मला ओरडले असते तर मी घरी जाऊन झोपले तरी असते.

मी विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, आमच्याबरोबर ऑफिसला चल. आम्ही गळवाले बोललो तर म्हणतील, हे जाळेवाल्यांच्या वाइटावर आहेत. खाणारी बोलली तर ऐकतील.

मी घाबरले. परक्या मुलुखात लेकीच्या व्हिसावर राहणारी बाई मी, सरकारी ऑफिसात जाऊन काय सांगू? तो केरळचा माणूस अडचणीत आला तर? त्या बायका? ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, "नाव दुसऱ्या कोणाचं घेऊ नकोस. स्वतःचं घे." लेक म्हणाली, "आई, प्लीज, तू फक्त जे विचारतील तेवढंच बोल." माझ्या लेकीला मी माहीत आहे.

गेलो. त्याच बाई होत्या, बाजूला आणखी दोघं. मी सांगितलं की हे मी खात होते, मी मागत होते, आणि मी मागते म्हणून आलं. कोणी दिलं ते विचारलं, तर म्हटलं, ते सांगणार नाही, पण मागणं थांबलं तर देणंही थांबेल. आणि सांगितलं की आमच्या उपवासाच्या दिवसांतच साफीची वीण असते, तेव्हा बाजारातही बघा, नुसतं पाण्यात बघून होणार नाही. बाईंनी ह्या वेळी वही मिटली नाही. लिहीत राहिल्या. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "अभी खाती हो?"

मी म्हटलं, "डिब्बे में थोड़ा बाकी है."

पुढच्या वर्षी खाडीच्या तोंडावर पाटी लागली. अरबीत आणि इंग्रजीत, वर खाडी बंद असल्याच्या महिन्यांची नावं, खाली जाळ्यावर फुली आणि गळावरही फुली. त्या महिन्यांत बाजारातही ऑफिसचा माणूस फिरून पोट फुगलेली साफी बघायला लागला. हे सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. अर्ज मंडळींचा होता, मी त्यात वर्षभराचा खोडा घातला. त्या वर्षात जाळ्यात किती गेली ते कोणी सांगू शकत नाही.

कारपार्किंगमधल्या बायका महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. एक तर तोंडावर म्हणाली, "स्वतः पोटभर खाऊन झाल्यावर आमच्या ताटातली काढलीस होय गं?" खरंच होतं. तिच्या सुनेला मीच तर शिकवली होती, आधी वाफव म्हणून.

आणि डब्यातली उरलेली. टाकवेना. टाकली तर ती मासळी नुसतीच मेली, खाल्ली तर पुन्हा तेच. ऑफिसात जाऊन आल्यावरही तीन आठवडे तशीच मटारमागे होती. शेवटी एका दुपारी, घरात कोणी नसताना, तळली आणि उभ्यानेच खाल्ली. चव चांगलीच होती. तिखट लागली नाही, कडू लागली नाही. पश्चात्तापाने घास घशात अडकतो म्हणतात, माझा अडकला नाही. हेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

ह्या वर्षी उपवासकाळात एका शनिवारी आम्ही नोखदांना गाडीत घालून खाडीवर नेलं. त्यांचे गुडघे आता धरतात, एकट्याने येणं जमत नाही. पाटीच्या अलीकडे ह्यांनी त्यांची खुर्ची मांडली. गळ घरी ठेवलेले. कणीकही मळली नव्हती. ज्या पाण्यावर त्या माणसाने सात वर्षांचा असताना पहिली साफी धरली, त्याच्याकडे ते दोन हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसले, आणि ही बंदी त्यांनी स्वतः मागून घेतलेली.

मी विचारलं, "मच्छी आया, नोखदा?"

"मफी," म्हणजे नाही. मग थोड्या वेळाने, "इतना जल्दी नहीं आता. टाइम लगता है. इंशाल्ला."

भरती चढत होती. ह्यांनी थर्मासमधून चहा ओतला. मी कपात बघत होते, आणि वर बघितलं तेव्हा समोरच्या मुळांपाशी पाणी हललं. एक साफी उथळात आली, अंग वळवलं, आणि तिचं पोट उन्हात चमकलं. भरलेलं, टरटरीत. क्षणभर. मग ती मुळांमध्ये शिरली.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? तवा आला. देवाशपथ, तवाच. मागून बाकी सगळं आलं, बरं वाटलं, डोळे भरले, पण पहिला तवा.

मला लपवून ठेवायचा कंटाळा आला होता. मी नोखदांना ते तसंच सांगितलं, तोडक्या हिंदीत. म्हटलं, मी सुधारले नाही हो.

त्यांनी मान वळवली नाही. मांडीवरचा उजवा हात जरासा वर उचलून मला दाखवला. अंगठा आणि दोन बोटं मिटलेली, गळाची दोरी धरतात तशी. ती साफी वळली तेव्हापासून तशीच होती. त्यांनी ती डाव्या हाताने एकेक करून उघडली आणि चहाचा कप घ्यायला हात पुढे केला.